कुंडल : विशीतल्या पोरांची राजधानी

पुणे-मिरज लोहमार्गावर कऱ्हाडच्या पुढे शेणोली हे छोटं स्टेशन आहे. ७ जून १९४३ रोजी तिथं रुळांवर दगडधोंडे रचून ठेवले होते. सरकारी नोकरांचे पगार घेऊन निघालेली गाडी अडली. ती मागे जाऊ नये म्हणून पाठीमागच्या रुळांवरही धोंडे टाकले गेले. धावून आलेल्या पोरांच्या हातात विळे, काठ्या आणि दोन-तीन गावठी बॉम्ब होते. बंदूक होती ती गाडीतल्या पहारेकऱ्याकडे, पण तिचा चाप ओढायची त्याची छाती झाली नाही. १९,१७५ रुपये ताब्यात घेऊन पोरं पसार झाली.

या पोरांचे दोन म्होरके कुंडल गावचे. गणपती दादा लाड म्हणजेच जी. डी. लाड वीस वर्षांचे होते. रामचंद्र श्रीपती लाड, ज्यांना जिल्हा पुढे ‘कॅप्टन भाऊ’ म्हणून ओळखू लागला, त्यांना एकविसावं लागायला पंधरा दिवस बाकी होते. पलीकडे कृष्णाकाठच्या वाळव्यात नागनाथ नायकवडी नावाचा तिसरा जवान याच कामात होता, त्याचंही वय वीसच. रामचंद्र लाड २२ जून, नायकवडी १५ जुलै आणि जी. डी. ४ डिसेंबर १९२२, अशा या तिघांच्या जन्मतारखा. साताऱ्याच्या प्रतिसरकारचा, म्हणजे समांतर सरकारचा, इतिहास सांगताना क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव आधी येतं आणि ते यायलाच हवं. पण त्या सरकारचे हातपाय कुणाचे होते हे पाहायचं तर १९२२ साली जन्मलेल्या या पिढीकडे पाहावं लागतं. कॉलेजात बसायच्या किंवा औत धरायच्या वयात या पोरांनी गावोगाव सरकार चालवलं.

शेणोलीच्या प्रसंगाबद्दल कॅप्टन भाऊ अखेरपर्यंत एक गोष्ट ठासून सांगत. आम्ही गाडी ‘लुटली’ असं म्हणू नका, हा त्यांचा आग्रह. इंग्रजांनी लोकांकडून नेलेला पैसा लोकांकडे परत आणला, असं त्यांचं म्हणणं. त्या पैशातला वाटा दुष्काळात पिचलेल्या शेतकरी-मजुरांपर्यंत गेला आणि कुणाही लाडाच्या खिशात त्यातलं काही राहिलं नाही, हे ते अभिमानानं सांगत.

कुंडल आज सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे. त्या काळी सांगली जिल्हाच नव्हता. जुन्या विशाल सातारा जिल्ह्यातून १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणूनच ‘साताऱ्याचं प्रतिसरकार’ म्हणताना ज्या वाळवा, तासगाव, शिराळा भागात ते सर्वांत घट्ट रुजलं, तो भाग आजच्या नकाशावर साताऱ्याबाहेर दिसतो.

१९४२ च्या ‘चले जाव’नंतर देशात आणखीही समांतर सरकारं उभी राहिली. उत्तर प्रदेशातल्या बलियात चित्तू पांडे यांच्या नेतृत्वाखाली ऑगस्टमध्येच काही दिवस लोकांची सत्ता आली. बंगालच्या मिदनापूर जिल्ह्यात तामलुकला १७ डिसेंबर १९४२ रोजी ताम्रलिप्त जातीय सरकार स्थापन झालं आणि ते १९४४ पर्यंत टिकलं. साताऱ्याचं प्रतिसरकार १९४३ मध्ये आकाराला आलं आणि १९४६ पर्यंत चाललं. त्याचा वावर सहाशेच्या आसपास गावांत होता असं सांगितलं जातं. युरोपातही तेव्हा असंच काही घडत होतं. बोस्नियातल्या यायत्से या डोंगरी गावात २९ नोव्हेंबर १९४३ रोजी टिटोच्या बंडखोरांनी जर्मन फौजांच्या वेढ्यात असतानाच नव्या युगोस्लाव्हियाची घोषणा केली. कुंडलच्या पोरांना यायत्सेचा पत्ता नव्हता आणि यायत्सेला कुंडलचा. महायुद्धात साम्राज्यं गुंतली असताना दोन्हीकडे आडवाटेच्या गावांत राज्यकारभार सुरू झाला होता.

पण आडवाटेची गावं तर साताऱ्यात शेकड्यांनी होती. मग राजधानी कुंडलच का?

पहिलं कारण सरहद्दीचं. कुंडल हे ब्रिटिश मुलखातलं गाव नव्हतं. ते औंध संस्थानात होतं. औंध, आटपाडी, कुंडल आणि तिकडे विजापूरकडचं गुणदाळ अशा तुटक तुकड्यांत विखुरलेलं हे बहात्तर गावांचं संस्थान. एका शिवारात इंग्रजांचा अंमल आणि बांध ओलांडला की पंतप्रतिनिधींचा, अशी इथली भूगोलाची तऱ्हा होती. भूमिगत कार्यकर्त्याला याहून सोयीचं काय असणार? त्यातही राजा होता भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रचार आणि चित्रकलेचा छंद यांसाठी तो महाराष्ट्राला माहीत आहे. त्याची खरी थोरवी मात्र वेगळी होती. जानेवारी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं त्यानं आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. त्याचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांनी त्या प्रयोगाची आखणी केली. गावोगाव पंचायती निवडल्या गेल्या आणि लहानसहान दिवाणी-फौजदारी तंटे गावातच मिटवण्याचा अधिकार त्यांना मिळाला.

प्रतिसरकारवरच्या लिखाणात हा धागा हवा तितका पुढे आलेला नाही. प्रतिसरकारची न्यायदान मंडळं काही आकाशातून पडली नाहीत. चार पंचांनी बसून, उघड्यावर, गावासमोर निवाडा द्यायचा आणि गावानं तो मानायचा, ही रीत कुंडलच्या लोकांनी प्रतिसरकार येण्याआधी तीन-चार वर्षं स्वतः चालवून पाहिली होती. शिक्का औंधच्या राजाचा होता एवढाच फरक. पुढे त्याच सवयीवर बंडाचं सरकार उभं राहिलं.

दुसरं कारण कारखान्याचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली बेळगाव सोडावं लागलं, तेव्हा याच पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. निवडुंगानं आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना आणि त्याभोवती किर्लोस्करवाडी उभी राहिली. ‘किर्लोस्कर’ मासिकही तिथूनच निघे. परिणाम असा झाला की, कुंडलच्या पोरांना रेल्वे, यंत्र, पगाराचा दिवस, छापील मासिक आणि बाहेरगावचा शिकलेला माणूस या गोष्टी नव्या नव्हत्या. वाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर उमाशंकर पंड्या गुजराती होते. १० सप्टेंबर १९४२ रोजी इस्लामपूरच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. त्यात पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे हे दोघं धारातीर्थी पडले. वाळव्याच्या मातीत सांडलेलं पहिलं रक्त एका कामेरीकराचं आणि एका गुजराती इंजिनिअरचं होतं, हे मुलांना शाळेत सांगायला हवं.

साहित्यातही या गावाचा वाटा आहे. ग. दि. माडगूळकरांचे वडील औंध संस्थानच्या नोकरीत होते आणि गदिमांच्या शाळकरी वयातला काही काळ कुंडलमध्ये गेला. त्यांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर बेचाळीसच्या चळवळीत ओढले गेले आणि कोवळ्या वयात त्यांनीही भूमिगत दिवस काढले. शेजारचं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव आणि पलूस हे विष्णू दिगंबर पलुसकरांच्या घराण्याचं गाव. एवढ्याशा टापूत इतकी माणसं निपजावीत, याचं नवल वाटतं.

बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये नेते पकडले गेले आणि साताऱ्यात मोर्च्यांची लाट आली. २४ ऑगस्टला कऱ्हाड, ३ सप्टेंबरला तासगाव, ९ ला वडूज, १० ला इस्लामपूर. तासगावला जमाव इतका प्रचंड होता की, मामलेदाराला गांधी टोपी घालून कचेरीवर तिरंगा चढवावा लागला. वडूजला मात्र गोळ्या चालल्या आणि परशुराम घार्गे यांच्यासह कित्येक जण पडले. लागोपाठ दोन दिवसांच्या या गोळीबारांनी जिल्ह्याचं मन पालटलं. निःशस्त्र मोर्चा काढून छातीवर गोळ्या झेलायच्या की दुसरी वाट धरायची, यावर रात्री-अपरात्री मळ्यांत बैठका झडू लागल्या. पुढच्या वर्षी २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पाठलागात अण्णा पत्रावळे आणि बाबू जाधव मारले गेले आणि दादांच्या खांद्यात गोळी शिरली.

पोरं तापली होती. त्यांना वळण लावणारा माणूस येडेमच्छिंद्रचा होता. नाना रामचंद्र पाटील, जन्म ३ ऑगस्ट १९००. धिप्पाड देह, पहाडी आवाज आणि बोलणं अस्सल रानातलं. १९३० साली कायदेभंगात उतरण्यासाठी त्यांनी तलाठ्याची नोकरी सोडली. ही नोकरी चरित्रांत एका ओळीत उरकली जाते, पण तिच्यावर थांबायला हवं. गहाण कसं लिहितात, सावकाराच्या नावे सातबारा कसा फिरतो, वहिवाट कुणाची आणि उतारा कुणाचा, हे सगळं तलाठ्याच्या बोटांवर असतं. प्रतिसरकारकडे पुढे जे तंटे आले त्यांतले कितीतरी याच जातीचे होते. जमिनीचे कागद वाचता येणारा पुढारी या सरकारला लाभला होता. नानांच्या डोक्यावर बक्षीस लागलं, घरदार-जमीन जप्त झाली, पण माणूस सापडला नाही.

नानांभोवती माणसांची फळी उभी होती. वाईकडे किसन वीर, येडेनिपाणीचे पांडू मास्तर, कासेगावचे बाबूजी पाटणकर, वाटेगावचे बर्डे गुरुजी, कुंडलचेच नाथाजी लाड. नगरचे अच्युतराव पटवर्धन समाजवादी गटातर्फे इथे येऊन राहिले आणि सरकारच्या हाती लागले नाहीत. मुलूख गटांमध्ये वाटलेला होता आणि प्रत्येक गटाचा कारभार स्वतंत्र चाले. कुंडलच्या गटाकडे मनुष्यबळ होतं, शिस्त होती आणि तुफान सेना हे स्वतःचं दल होतं. जी. डी. लाड तिचे ‘फील्ड मार्शल’, रामचंद्र लाड ‘कॅप्टन’. या हुद्द्यांना फौजेची मान्यता नव्हती. तरीही रामभाऊंना कॅप्टन ही पदवी जन्मभर चिकटली, कारण ती गावानं दिली होती.

पोरं कवायत करत, लाठी चालवायला शिकत, निरोप पोचवत, रात्री गावांची गस्त घालत. गस्तीला कारण होतं. सरकारी बंदोबस्त राजकीय माणसांच्या मागे लागल्यावर दरोडेखोरांच्या टोळ्या मोकाट सुटल्या होत्या. शेतकऱ्याला इंग्रजापेक्षा या टोळ्यांची भीती अधिक होती. प्रतिसरकारनं या टोळ्यांचा बंदोबस्त केला, आणि सामान्य कुणब्याचा त्याच्यावर पहिला विश्वास बसला तो इथं. मोठ्या राजकीय भाषणांनी जे झालं नसतं ते रात्रीच्या निर्धास्त झोपेनं केलं.

मग तंटे येऊ लागले. बांधाचे, वाटणीचे, गहाणाचे, टाकून दिलेल्या बायकांच्या पोटगीचे. वादी-प्रतिवादींना ठरलेल्या रात्री बोलावलं जाई. गाव गोळा होई, दोन्ही बाजू उघडपणे ऐकल्या जात आणि पंच निकाल देत. वकील नाही, स्टॅम्प नाही, तारीख पे तारीख नाही. कोर्टात बापाच्या वेळेपासून लोंबकळणारं प्रकरण एका बैठकीत मिटतं हे पाहिल्यावर लोक आपण होऊन येऊ लागले. सावकाराला व्याजाचा हिशेब गावासमोर मांडावा लागे. गावठी दारूच्या भट्ट्या बंद झाल्या. धान्याची टंचाई होती तिथं साठेबाजांकडून धान्य काढून वाटलं गेलं. अस्पृश्यतेविरुद्ध गावांत उघड बोललं जाऊ लागलं आणि वाचनालयं निघाली.

आणि लग्नं! लग्नापायी कर्ज आणि कर्जापायी जमीन, हे दुष्टचक्र या पोरांनी घरात पाहिलं होतं. त्यांनी ‘गांधी विवाह’ सुरू केले. हुंडा नाही, वाजंत्री नाही, जेवणावळ नाही. हार घालायचे, चार शब्द ऐकायचे आणि संसाराला लागायचं. दुसऱ्याला सांगण्याआधी जी. डीं.नी ते स्वतः केलं. १९४४ साली त्यांचा विजयाताईंशी याच पद्धतीनं विवाह झाला. नवरदेवावर वॉरंट असताना तो आपल्याच मुलखात लग्नाला उभा राहतो आणि पोलिसांना ते रोखता येत नाही, याचा जिल्ह्यावर काय परिणाम झाला असेल याची कल्पना करावी. राज्य कुणाचं आहे हे त्या मांडवात स्पष्ट झालं.

या सरकारचा हात कठोरही होता. खबऱ्यांना, गुंडांना, बाईवर हात टाकणाऱ्यांना तळपायावर मार बसे. माणूस पुढे महिनोन् महिने लंगडत चाले. त्यावरूनच ‘पत्री सरकार’ हे नाव लोकांच्या तोंडी बसलं. घोड्याला ठोकतात तशी पत्री माणसाच्या पायाला ठोकल्याच्या गोष्टी अजून ऐकायला मिळतात, पण बहुतेकांच्या वाट्याला आला तो तळव्यावरचा मार. गांधीवाद्यांना हे पटणं शक्य नव्हतं आणि त्यांचा आक्षेप चुकीचाही नव्हता. जिथं अपील नाही तिथं चुकीच्या माणसाला शिक्षा होऊ शकते, वैयक्तिक वैरही न्यायाच्या नावाखाली उगवून घेतलं जाऊ शकतं. प्रतिसरकारच्या प्रेमात पडून हे झाकण्यात अर्थ नाही. पण त्याच काळात तालुक्याची कचेरी आणि फौजदार गावाला काय देत होते, हेही त्याच तराजूत घालायला हवं.

६ मे १९४४ रोजी गांधीजी आगाखान पॅलेसमधून सुटले. भूमिगतांनी उघडपणे बाहेर यावं असा सल्ला त्यांनी दिला. देशात अनेकांनी तो मानला. साताऱ्याच्या मंडळींनी काम चालू ठेवलं. गांधींचं नाव घेऊन लग्नं लावणाऱ्या पोरांनी गांधींचाच सल्ला बाजूला ठेवावा, हा पेच त्यांना सोपा गेला नसणार.

सरकार चालवायचं तर पैसा लागतो आणि हत्यारं लागतात. १४ एप्रिल १९४४ रोजी खानदेशात, धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याची गाडी अडवण्यात आली. साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम हाती आली. डॉ. उत्तमराव पाटील आणि लीलाताई पाटील यांच्या खानदेशी साथीदारांबरोबर जी. डी. लाड आणि नागनाथ नायकवडी या मोहिमेत होते. शेणोलीच्या एकोणीस हजारांपासून इथवर यायला दहाच महिने लागले. किंमतही मोजावी लागली. २५ फेब्रुवारी १९४५ रोजी शिराळ्याच्या डोंगरातल्या मणदूरजवळ पोलिसांशी गाठ पडली आणि वाळव्याचे किसन अहिर आणि पंजाबहून आलेले नानकसिंग तिथं मारले गेले. वाळव्याच्या साखर कारखान्याला किसन अहिरांचं नाव आहे, त्यामागची हकिकत ही.

आता हौसाताईंविषयी. नाना पाटलांची ही एकुलती एक लेक, जन्म १२ फेब्रुवारी १९२६. आई लहानपणीच गेली, आजीनं वाढवलं. घर जप्त झाल्यावर त्या आजी-नातीनं जे दिवस काढले ते कुठल्याही तुरुंगवासापेक्षा कमी नव्हते. सतरा-अठराव्या वर्षी ही मुलगी तुफान सेनेच्या कामात होती. भवानीनगरच्या पोलीस ठाण्याचा प्रसंग तिच्याच तोंडून अनेकांनी ऐकला. (हे भवानीनगर वाळवा तालुक्यातलं, शेणोलीच्या पुढचं.) ठाण्यासमोर एक नवरा बायकोला बेदम मारू लागला. बाई रडतेय, गडी दगड उचलतोय, बघ्यांची गर्दी झालीय. भांडण सोडवायला पोलीस बाहेर आले, तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका आणि काडतुसं लांबवली. बायको झाली होती हौसाताई आणि नवरा झालेला गडी तिचाच साथीदार. मार खरा बसला होता, कारण खोट्या मारानं पोलीस फसले नसते.

गोव्याची कामगिरी त्याहून अवघड होती. हत्यारं आणायला गेलेले बाळ जोशी पोर्तुगीजांच्या तुरुंगात अडकले. जी. डी. लाड यांनी, म्हणजे जी. डी. बापूंनी, हौसाताईंना पाठवलं. अंबाड्यात चिठ्ठी लपवून त्या बहीण म्हणून तुरुंगात जाऊन भेटल्या. परतताना साथीदारांबरोबर मांडवी नदी पार करायची होती आणि हौसाताईंना नदीत पोहायची सवय नव्हती. लाकडी पेटीच्या आधारानं, रात्रीच्या अंधारात त्यांनी पात्र ओलांडलं आणि रानावनातून पायी मुलखात परतल्या.

कासेगावच्या इंदुताईंचंही असंच. १९२५ चा जन्म. बेचाळीसमध्ये घर सोडून चळवळीत आल्या, पुढे बाबूजी पाटणकरांशी त्यांचा विवाह झाला. स्वातंत्र्यानंतर पाचच वर्षांत, १९५२ मध्ये, बाबूजींचा खून झाला. मांडीवर लहान मूल घेऊन इंदुताईंनी शिक्षिकेची नोकरी केली आणि परित्यक्ता स्त्रियांचं काम उभं केलं. ते मूल म्हणजे डॉ. भारत पाटणकर. त्यांच्याशी लग्न करून अमेरिकेतून कासेगावात स्थायिक झालेल्या गेल ऑम्व्हेट यांनी प्रतिसरकारवर अभ्यासपूर्ण लेखन केलं.

१९४६ मध्ये काँग्रेसचं प्रांतिक मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागे घेतली गेली आणि माणसं उजेडात आली. नाना पाटलांच्या जाहीर सभांना लोटणाऱ्या गर्दीचं वर्णन करताना म्हातारी माणसं थकत नसत. पण या मंडळींना सत्तेच्या पायऱ्या चढणं फारसं जमलं नाही. जमलं नाही म्हणण्यापेक्षा त्यांनी ती वाट धरली नाही असं म्हणणं योग्य. नाना शेतकरी कामगार पक्षात आणि मग कम्युनिस्ट पक्षात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ साली साताऱ्यातून आणि १९६७ साली बीडमधून लोकसभेवर निवडून आले. तिथं मराठीत बोलणारा हा शेतकरी खासदार दिल्लीला नवा होता. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचं निधन झालं.

जी. डी. बापू आणि नागनाथअण्णा शेकापमध्ये गेले. हैदराबादच्या रझाकारांविरुद्धच्या लढ्याला त्यांनी माणसं आणि हत्यारांची मदत पुरवली. दोघंही आमदार झाले. पण त्यांच्या पुढच्या पन्नास वर्षांचं खरं काम पाणी आणि ऊस या दोन शब्दांत येतं. कृष्णा वाहते वाळव्याला आणि तहान आटपाडीला, हे अंतर औंध संस्थानाच्या काळापासून कुणी मिटवलं नव्हतं. १९९३ मध्ये नागनाथअण्णांनी आटपाडीला दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवली. सांगोल्याचे गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर त्यांच्याबरोबर होते. कृष्णेच्या पाण्यात माणदेशाचा समान वाटा आहे, ही मागणी तिथून पेटली. बापूंच्या नावानं कुंडलमध्ये ‘क्रांतिअग्रणी’ सहकारी साखर कारखाना आहे. पगाराची गाडी अडवणाऱ्यांनी पुढे ऊस पिकवणाऱ्याला दर आणि कामगाराला पगार द्यायचे कारखाने काढले, यात विसंगती शोधणारे भेटतात. ती नाही. रात्री पंचायत भरवून सावकाराचा हिशेब तपासणारा माणूस सहकारी कारखान्याचा ताळेबंद त्याच डोळ्यांनी पाहतो.

स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्राची निवृत्तिवेतन योजना १९७२ साली आली. किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास (स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन महिने), किंवा फरारी म्हणून जाहीर झाल्याचा सरकारी कागद, अशा तिच्या अटी. तुरुंगात खितपत पडलेल्यांसाठी हे योग्यच होतं. पण प्रतिसरकारचं सारं यश न पकडलं जाण्यात होतं. जिच्या चुलीवर रोज रात्री चाळीस भाकऱ्या थापल्या गेल्या, जिनं कडब्याच्या गंजीत बंदूक लपवली, ज्या पोरानं चार वर्षं चिठ्ठ्या पोचवल्या आणि एकदाही धरला गेला नाही, त्यांच्या नावाचं वॉरंट कुठून येणार? इंग्रजांनी ज्याला ओळखलं नाही त्याला स्वतंत्र भारतानंही ओळखलं नाही. ही खंत वाटावी अशीच गोष्ट आहे.

७ जून २०१७ रोजी, शेणोलीच्या घटनेच्या वर्धापनदिनी, तुफान सेनेच्या हयात सैनिकांचा सत्कार झाला. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. महात्माजींचे नातू गोपालकृष्ण गांधी आले होते. हौसाताई होत्या, कॅप्टन भाऊ होते. सैनिकांच्या घरच्या लोकांनाही त्या काळातल्या काही गोष्टी तेव्हा पहिल्यांदा कळल्या. जी. डी. बापू त्याआधीच, १४ नोव्हेंबर २०११ रोजी, गेले होते आणि नागनाथअण्णा चार महिन्यांनी, २२ मार्च २०१२ रोजी. हौसाताई २३ सप्टेंबर २०२१ रोजी गेल्या. कॅप्टन भाऊ ५ फेब्रुवारी २०२२ रोजी गेले, तेव्हा त्यांची शंभरी साडेचार महिन्यांवर आली होती.

आता उरल्या आहेत त्यांच्या मुला-नातवंडांनी ऐकलेल्या हकिकती. कोणत्या मळ्यात बैठक झाली, कुणाच्या परड्यातून नाना निसटले, भाकरी कुणाच्या घरून जाई, निकाल देणारे पंच कोण, ही माहिती गावनिहाय आणि नावनिशीवार गोळा करायला ना मोठं विद्यापीठ लागतं ना मोठा निधी. कुंडल, वाळवा, कामेरी, कासेगाव, येडेमच्छिंद्र इथल्या शाळा आणि कारखान्यांच्या शिक्षणसंस्था यांनी मनावर घेतलं तर नववी-दहावीची मुलं एका उन्हाळ्यात ते करू शकतील. त्यांच्या वयाहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या पोरांनी याच गावांत सरकार चालवलं होतं.